तिसरा ढीग

“…मग सही करायला अडचण काय आहे, बाई?”

इंदुमतीबाईंनी प्लॅस्टरमधला पाय स्टुलावर थोडा सरकवला आणि मांडीवरचे कागद सरळ केले.

प्रद्युम्न सोनटक्के सकाळपासून हाच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारून बसला होता.

दोन तास गाडी चालवून तो आजऱ्याला आला होता. बाईंचा घोटा मोडला नसता, तर त्या स्वतःच खाणीवर आल्या असत्या. पण न्हाणीघराच्या उंबऱ्यात पाय घसरला, आणि त्या दोन खोल्यांत अडकून पडल्या. मग त्यालाच यावं लागलं.

घाटमाथ्यावरच्या त्या बंद पडलेल्या खाणीत, जमिनीखाली सातशे मीटरवर, पाण्याची एक प्रचंड टाकी बारा वर्षांपासून अंधारात उभी होती. तिच्या भिंतींना आतून प्रकाश टिपणारे हजारो काचेचे गोळे बसवले होते.

न्यूट्रिनो नावाचा कण कशालाच अडत नाही. डोंगर, समुद्र, माणूस, सगळ्यांच्या आरपार जातो. पण अब्जावधींतला एखादा पाण्यातल्या कणावर आदळतो, आणि मग टाकीच्या भिंतीवर क्षणभर प्रकाशाची एक अंधुक कडी उमटते.

कोट्यवधी वर्षांमागं फुटून गेलेल्या ताऱ्यांचे न्यूट्रिनो अजून विश्वात फिरत असणार. त्यांतले थोडे तरी आपल्या टाकीत सापडतील, या आशेवर चाळीस माणसं बारा वर्षं त्या बोगद्यात उतरत होती.

गोळे दिवसरात्र ठिपके नोंदवत राहायचे. एका क्षणी उमटलेले ठिपके म्हणजे एक घटना. बहुतेक ठिपके निरर्थक. काही खडकातल्या किरणोत्साराचे, काही गोळ्यांच्या स्वतःच्याच कुरबुरीचे. कोणते ठिपके कणाचे आणि कोणते नुसत्या गोंगाटाचे, हे ठरवणं प्रोग्रॅमचं काम.

तो पहिला प्रोग्रॅम इंदुमती ओगले यांनी लिहिला होता. नाव ठेवलं होतं ‘चाळणी’.

प्रद्युम्न त्यांचाच विद्यार्थी. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी बाईंनी त्याला बाकी काही करू दिलं नव्हतं, फक्त गोंगाट मोजायला बसवलं होतं. ते त्याच्या मनात राहिलं होतं. पुढं तो परदेशी गेला, तीन वर्षांनी परत आला, आणि बाई निवृत्त झाल्यावर प्रयोगाची सगळी सूत्रं त्याच्याकडं आली. ‘चाळणी’ त्यानं मोडीत काढली. नवा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नाव ‘गरुड’.

बारा वर्षांत गोंगाटामुळं चुकून सहा घटना कणांसारख्या दिसतील, असा आधीच बांधलेला अंदाज होता.

‘गरुड’ला सतरा सापडल्या.

सोमवारी दिल्लीच्या परिषदेत हे जाहीर व्हायचं होतं. त्याआधी प्रयोगाच्या नियमानुसार तीन परीक्षकांच्या सह्या लागत. दोन झाल्या होत्या. तिसरी बाईंची. त्यांना निबंध आणि सतराही घटनांची माहिती दोन आठवड्यांपूर्वीच पाठवली होती.

बाईंनी शेवटचं पान उलटलं.

“तुझा प्रोग्रॅम ‘माहीत नाही’ असं किती वेळा म्हणाला?”

प्रद्युम्न हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि उत्तर द्यायला तो आतुर होता.

जुन्या ‘चाळणी’ची तीन उत्तरं असत. कण. गोंगाट. माहीत नाही. शंभरातल्या तीस-पस्तीस घटना ती तिसऱ्या खान्यात टाकून मोकळी व्हायची. तो बाईंना समजावत गेला, की तेव्हाची यंत्रं दुबळी होती, तेव्हा ते ठीक होतं. पण एवढ्या मेहनतीनं गोळा केलेल्या माहितीतला तिसरा हिस्सा नुसता बाजूला ठेवायचा, हे आता पटणारं नाही.

“एकदाही नाही,” तो म्हणाला. “गरुड प्रत्येक घटनेला उत्तर देतो.”

“प्रत्येक?”

“प्रत्येक.”

बाईंनी मान हलवली. ती कौतुकाची होती की आणखी कशाची, हे त्याला कळलं नाही.

मग त्यांनी खिडकीखालच्या टेबलाच्या खणाकडं बोट केलं.

खणात रबर लावलेला पत्त्यांसारखा एक गठ्ठा होता. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून आणलेली चित्रं. प्रत्येकावर टाकीची भिंत उलगडून सपाट केलेली, आणि तिच्यावर पन्नास-साठ काळे ठिपके. मागं पेन्सिलीनं बारीक आकडे.

बाईंनी सांगितलं, एकावन्न आहेत. मागं बघायचं नाही. दोन ढीग करायचे. कणाचे डावीकडं, गोंगाटाचे उजवीकडं.

“आता?”

“घाई आहे का?”

घाई होतीच. पण सही बाईंच्या हातात होती. त्यानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, सतरंजीवर मांडी घातली आणि गठ्ठ्याचं रबर सोडलं.

पहिले दहा-बारा भराभर गेले. ही कडी स्पष्ट, डावीकडं. हे ठिपके नुसतेच विखुरलेले, उजवीकडं. एवढी वर्षं तो हीच चित्रं बघत आला होता. त्यात काय अवघड.

तेराव्यापाशी हात थांबला.

कडी होती. म्हणजे अर्धी होती. डोळे किलकिले केले की दिसायची, नीट बघितलं की जायची. त्यानं कागद लांब धरला, जवळ धरला, शेवटी डावीकडं ठेवला. मग उचलून उजवीकडं ठेवला.

पुढचा तसाच. त्याच्या पुढचाही.

अंगणात शेजारच्या बाई गेल्या हंगामातल्या काजूच्या बिया वाळत घालत होत्या. त्यांनी दारातून डोकावून इंदुमतीबाईंची चौकशी केली, खाली मांडी घालून बसलेल्या पाहुण्याकडं पाहिलं आणि काही न विचारता गेल्या.

विसेक कागद झाल्यावर प्रद्युम्ननं एक कागद दोन्ही ढिगांच्या मध्ये ठेवला.

“हा जरा बाजूला ठेवतो. नंतर बघतो.”

बाई वाकल्या. पाय दुखत असणार, कारण वाकताना त्यांचा श्वास रोखला गेला. त्यांनी तो कागद उचलला आणि परत त्याच्या हातात दिला.

“गरुडला तिसरा ढीग आहे का?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“मग इथंही नको.”

एकावन्न कागद संपायला त्याला सव्वा तास लागला. शेवटी शेवटी तो नुसता टाकत होता. एक इकडं, एक तिकडं. मान अवघडली होती आणि आपण रागावलो आहोत हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

“आता उलटे कर,” बाई म्हणाल्या. “आणि सारखे आकडे एकत्र लाव.”

त्यानं कागद उलटे केले. पहिला आकडा सात. पुढं पुन्हा सात दिसला. मग आणखी एक सात, तो दुसऱ्या ढिगात.

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

एकावन्न चित्रं नव्हतीच. सतराच होती. त्याच्याच सतरा घटना, प्रत्येक तीनदा. टाकी गोल आहे. कडी डावीकडं सरकवली, उजवीकडं सरकवली, वरची खाली केली, तरी घटना तीच राहते. बाईंनी ती फक्त फिरवून छापली होती.

आठ घटना त्यानं तिन्ही वेळा एकाच ढिगात टाकल्या होत्या. नऊ घटनांची फाटाफूट झाली होती. कधी कण, कधी गोंगाट.

त्या नऊंत अकरा नंबरची होती. अकरा नंबर म्हणजे शोधनिबंधाचं पहिलं चित्र. परिषदेच्या पडद्यावर सगळ्यांत आधी तेच झळकणार होतं. सगळ्यांत सुरेख कडी, असं तोच सर्वांना सांगत आला होता.

तीनांतून दोनदा त्यानं ती गोंगाटात फेकली होती.

बाईंनी ढिगांकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

मग प्रद्युम्न बोलायला लागला, आणि सावकाश बोलला, कारण हा मुद्दा खरा होता. तो म्हणाला, माणसाचा डोळा थकतो, म्हणून तर प्रोग्रॅम लिहायचा. प्रोग्रॅमला कंटाळा येत नाही, त्याची मान अवघडत नाही. तीच घटना हजारदा दाखवली तरी तो हजारदा तेच उत्तर देईल. माझ्या हातून नऊ चुकल्या, यावरून गरुड चुकला असं होत नाही.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

त्याला हे अपेक्षित नव्हतं.

“त्याला शिकवलं कोणी?”

प्रद्युम्न उत्तर द्यायला गेला आणि थांबला.

नव्या पद्धतीत प्रोग्रॅमला नियम सांगायचे नसतात, उदाहरणं दाखवायची असतात. चार हजार चित्रं. हे कणाचं, हे गोंगाटाचं, असं आधी माणसानं ठरवायचं, मग त्यावरून तो शिकतो. ती चार हजार चित्रं पावसाळ्यात सहा आठवडे बसून निवडली होती.

निवडणारा तोच होता. आणि ढीग दोनच होते.

“मी,” तो म्हणाला.

बाईंनी मान हलवली.

त्याला आठवलं, तेव्हा लतिका नाडकर्णी तिसऱ्या ढिगाबद्दलच बोलली होती. लतिका बोगद्यात त्याच्याइतकीच वर्षं काम करत होती. ज्या चित्रांत काही ठरवता येत नाही ती वेगळी ठेवू या, असं तिनं बैठकीत सुचवलं. त्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, की काही लोकांना उत्तराचीच भीती वाटते. चार-पाच जण हसले होते. लतिकानं वही मिटली आणि पुढच्या बैठकांत तोंड उघडलं नाही.

तो उठला आणि ओसरीत जाऊन उभा राहिला. उन्हात काजूच्या बिया पसरलेल्या होत्या. त्यांच्याकडं तो बघत राहिला, पण डोळ्यांसमोर काहीच नव्हतं.

आत बाई तशाच बसून होत्या. त्यांनी हाक मारली नाही.

परत आला तेव्हा तो त्यांच्यासमोर खुर्चीवर बसला नाही. पुन्हा सतरंजीवरच बसला.

“एक सांगायचं राहिलं आहे,” तो म्हणाला.

नियम असा होता, की प्रोग्रॅम आधी पक्का करायचा, त्याला कुलूप घालायचं, आणि मगच बारा वर्षांची माहिती उघडून बघायची. एकदाच बघायची. बघितल्यावर प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. हा नियम बाईंनीच घातला होता आणि सगळ्यांनी तो पाळला, असं निबंधाच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं.

“मी आधी चाळणी चालवून बघितली. श्रावणात. एकट्यानं.”

“किती निघाल्या?”

“सात.”

सहा अपेक्षित, सात निघाल्या. म्हणजे काहीच नाही. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. त्याला खरंच वाटलं, की चाळणीच जुनी झाली आहे, तिला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गरुड लिहायला घेतला. पुढचे तीन महिने तो प्रोग्रॅम सुधारत होता आणि प्रत्येक सुधारणेनंतर आकडा वाढत होता. आठ. दहा. तेरा. आकडा वाढला की सुधारणा बरोबर होती, असं त्याला वाटत गेलं. सतरावर तो थांबला, कारण सतरा पुरे होते.

“मी खोटं काही केलं नाही, बाई. एकही ठिपका हलवला नाही.”

“नाही हलवलास.”

“प्रत्येक बदलाला कारण होतं.”

“असेल.”

त्याला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं. पण बाई नुसत्या त्याच्याकडं बघत होत्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, ‘माहीत नाही’ हे तिसरं उत्तर तुम्ही चाळणीत सुरुवातीपासून ठेवलं होतं का.

बाई म्हणाल्या, नाही. पहिल्या चाळणीतही दोनच होती.

“मग?”

“ती एक ओळ लिहायला मला चार वर्षं लागली.”

त्या चार वर्षांत काय झालं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

दुपार झाली होती. बाईंनी शेजारणीकडून घनसाळ तांदळाचा भात आणि कुळथाचं पिठलं मागवलं. अर्ध्या जेवणात प्रद्युम्ननं हात थांबवला आणि जे सकाळपासून पोटात होतं ते बोलून टाकलं. सतरा नसतील तर पुढच्या मोठ्या टाकीसाठी पैसे मंजूर होणार नाहीत. मोठी टाकी नाही, तर बोगदाही बंद होईल. वरून तसा इशारा आलेलाच आहे. चाळीस माणसं आहेत. काहींनी तर उमेदीची वर्षं तिथं घातली आहेत.

“त्यांना काय सांगू?”

“बोगदा बंद होईल, हे सांग.”

“एवढंच?”

“का, ते सांग.”

हात धुऊन तो अंगणात गेला आणि फोन लावला. आधी दिल्लीला, परिषदेतलं आपलं व्याख्यान रद्द करायला. कारण विचारलं तेव्हा तब्येतीचं निमित्त त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि म्हणाला, निष्कर्ष चुकीचा आहे, चूक माझी आहे.

दुसरा फोन लतिकाला. तो लावायला त्याला जास्त वेळ लागला.

तिला त्यानं सगळं सांगितलं. श्रावणातलं, सातचं, चार हजार चित्रांचं. बैठकीत जे बोललो ते बोलायला नको होतं, हेही सांगितलं. मग लतिकानं एवढंच विचारलं, की गाडी चालवत परत येशील ना नीट, का कुणाला पाठवू.

त्याचे डोळे भरून आले. आजऱ्याच्या त्या अंगणात भर दुपारी, काजूच्या बियांशेजारी तो उभा राहिला आणि शेजारणीला दिसू नये म्हणून तोंड भिंतीकडं केलं.

निघताना त्यानं सह्यांचा कागद मागितला. बाईंनी तो दिला. तिसरी जागा कोरीच होती. त्यानं कागद फाडला नाही. घडी करून खिशात ठेवला.

पुढचे दिवस वाईट गेले. ज्यांनी आधी सह्या केल्या होत्या त्या दोघांना अवघडल्यासारखं झालं, आणि त्यांतल्या एकानं बोलणं टाकलं. वर्तमानपत्रात आधीच सुगावा लागलेल्या एका वार्ताहरानं दोन ओळी छापल्या, आणि त्या दोन ओळी प्रद्युम्नच्या वडिलांनी कोरेगावात वाचल्या. प्रयोगाची सूत्रं त्यानं स्वतःहून लतिकाकडं सोपवली. तिनं ती घेतली, पण निबंध तूच लिही, असं सांगितलं.

चार हजार चित्रं दोघांनी नव्यानं निवडली. या वेळी पाच जणांना बसवलं, एकमेकांचं उत्तर एकमेकांना दिसू न देता. ढीग तीन ठेवले. तिसरा सगळ्यांत मोठा निघाला.

नव्यानं शिकवलेल्या गरुडला आठ घटना सापडल्या.

सहा अपेक्षित, आठ सापडल्या. त्याला कुणी शोध म्हणत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी निर्णय आला. मार्चअखेर टाकी रिकामी करायची, गोळे काढून पेट्यांत भरायचे, बोगद्याचं तोंड बंद करायचं.

त्याच आठवड्यात प्रद्युम्न पुन्हा आजऱ्याला गेला. बाईंचं प्लॅस्टर निघालं होतं. काठी टेकत त्या ओसरीतल्या ओसरीत फेऱ्या मारत होत्या. त्याला पाहून थांबल्या, बस म्हणाल्या, आणि उरलेल्या चार फेऱ्या पुऱ्या करूनच खुर्चीवर बसल्या.

त्यानं नवा निबंध त्यांच्या हातात दिला.

आधीचा चाळीस पानांचा होता. चित्रं, आलेख, फुटून गेलेल्या ताऱ्यांची सगळी कथा. हा दोन पानांचा होता. बारा वर्षं शोधलं. अपेक्षेहून वेगळं काही आढळलं नाही. कसं शोधलं, कुठं चुकलं, तिसऱ्या ढिगात काय राहिलं, यातलं काही नाही. खाली चाळीस नावं.

बाईंनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मागं काही आहे का म्हणून पान उलटून पाहिलं.

मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

प्रद्युम्न वाट बघत होता. या वेळी सहीची घाई नव्हती. तरी त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, की प्रत्येक शब्द तपासला आहे. एकही दावा नाही, एकही विशेषण नाही. लतिकानंही वाचलं आहे. यात आता खोटं काही उरलेलं नाही.

“नाही उरलेलं,” बाई म्हणाल्या.

आणि त्यांनी दोन्ही पानं सही न करता त्याला परत दिली.

त्यानं पानांकडं पाहिलं, मग बाईंकडं.

“मग काय कमी आहे, बाई?”

बाईंनी काठी हातात घेतली आणि पुढच्या फेरीसाठी उठल्या.

“दिसलं असतं… तर दोन पानं पुरली असती.”